विश्लेषण : इंजिन ऑइलची तारीख लक्षात राहते, पण क्राऊनच्या ऑइलचे काय?

नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या रस्त्यांवर एक दृश्य दरवर्षी दिसते. भवानी ज्योत हातात घेऊन धावणारी गावोगावची तरुण मुले आणि त्यांच्यामागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रात्रभर चालणारी पिकअप. गाव गाठेपर्यंत मीटरवर शंभर-सव्वाशे किलोमीटर वाढलेले असतात, पण इंजिन त्यासाठी पंधरा-वीस तास चालू राहिलेले असते. हीच गाडी पुढच्या आठवड्यात सोयाबीनची पोती घेऊन आडतीवर उभी असते, आणि त्यानंतर शेळ्यांच्या बाजाराला.

‘ऑइल कधी बदलायचे?’ या प्रश्नाचे उत्तर फक्त किलोमीटर पाहून देता येत नाही, ते यामुळेच. आणि हा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हाही तो बहुतेक वेळा इंजिनच्या ऑइलबद्दलच असतो. मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत क्राऊनचे ऑइल शेवटचे कधी बदलले, हे एमएच-25 पासिंगच्या दहा पिकअपवाल्यांना विचारून पाहावे. बरेच जण गाडी घेतल्याचे वर्ष सांगतील.

धाराशिव जिल्ह्यात पिकअप ही अनेक घरांची रोजी आहे. भूम भागातला खवा, दूध, भाजीपाला, द्राक्षे, खताची पोती, लग्नाचे मंडप सामान हे सगळे तिच्यावरच चालते. गाडी बहुतेकदा हप्त्यावर घेतलेली असते. ऐन हंगामात ती आठ दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली, तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेली भाडी जास्त लागतात. इंजिन आणि क्राऊन या दोन्ही ठिकाणचे ऑइल का, कधी आणि कसे बदलायचे, ते समजून घेऊ.

क्राऊन नेमके काय करते?

बोलेरो पिकअप असो, टाटा योद्धा असो की अशोक लेलँडची दोस्त. या गाड्यांचे इंजिन पुढे असते आणि ताकद मागच्या चाकांना मिळते. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो, चाके मात्र त्याला काटकोनात फिरतात. ही दिशा बदलण्याचे काम शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन आणि त्याला भिडलेले मोठे क्राऊन व्हील करते. पिनियन चार-पाच वेळा फिरतो, तेव्हा क्राऊन एकदा फिरतो. वेग कमी होतो आणि ओढण्याची ताकद त्याच पटीत वाढते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, तो फरक क्राऊनच्या आत बसवलेले छोटे गिअर सांभाळतात. डिफरन्शियल हे नाव त्यावरूनच पडले.

थोडक्यात, इंजिनने तयार केलेली सगळी ताकद बोटभर रुंदीच्या काही दातांमधून जाते. त्यातही पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यावर नसून जरा खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. तिच्यात दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, ते एकमेकांवर घसरतही जातात. एवढ्या दाबाखाली साध्या ऑइलचा थर पिळून बाहेर निघतो. म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे मिसळलेली असतात. दात तापले की ती धातूवर एक पातळ संरक्षक थर धरतात. गिअर ऑइलची बाटली उघडल्यावर येणारा उग्र वास या गंधकाचाच.

इंजिनला ऑइल पंप असतो, फिल्टर असतो, दाब कमी झाला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. क्राऊनला यातले काहीच नाही. खाली साचलेल्या ऑइलमध्ये क्राऊन व्हील बुडून फिरते आणि ते ऑइल वर उडवते, तेवढेच वंगण. फिल्टर नसल्यामुळे झिजलेल्या धातूची पूड त्याच ऑइलमध्ये फिरत राहते. काही गाड्यांच्या ड्रेन प्लगला लोहचुंबक असतो, तो थोडीफार पूड धरून ठेवतो. दिवा नसल्यामुळे ऑइल कमी झाल्याचे कळते ते थेट आवाजावरून, आणि तोवर दात किंवा बेअरिंग गेलेले असते.

घाटाचा इथे काय संबंध?

जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर पसरलेला आहे. सोलापूरहून तुळजापूरला यायचे तर घाट चढावा लागतो. येडशीकडेही चढउतार आहेत. चढावर गाडीचे तोंड वर होते आणि क्राऊनच्या हौसिंगमधले ऑइल मागच्या बाजूला सरकते. पिनियनचे बेअरिंग मात्र पुढच्या बाजूला असते. ऑइलची पातळी पुरेशी असेल तर काही बिघडत नाही. पण सीलमधून थेंब थेंब गळून ती दोन बोटे खाली गेली असेल, तर नेमके सर्वात जास्त ओझे ओढताना पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला ऑइल कमी मिळते. सपाट रस्त्यावर वर्षभर न जाणवलेली कमतरता घाटात एका फेरीत दिसते.

त्यावर ओव्हरलोड. दीड टन क्षमतेच्या गाडीत अडीच टन भरणे कुणाला नवे नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20 हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2 हजार रुपये दंड आहे, तो चुकवताही येत असेल. पण पिनियनच्या दातांवरचा भार चुकत नाही. ऑइल तापते, पातळ होते, लवकर जुने होते.

मग किती किलोमीटरला बदलायचे?

नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतच पाहावा, कारण मॉडेल आणि वर्षानुसार तो बदलतो. ढोबळमानाने आजच्या पिकअपमध्ये इंजिन ऑइल 10 ते 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगितलेले असते आणि क्राऊनचे त्याच्या तीन-चार पट अंतराने. गोंधळ होतो तो इथेच. इंजिन ऑइलची तारीख वर्षातून एकदा-दोनदा येते म्हणून लक्षात राहते. क्राऊनची तीन वर्षांनी येते, तोवर गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बाहेरच्या गॅरेजमध्ये जाऊ लागलेली असते आणि पुस्तिका कुठे ठेवली ते आठवत नाही.

याच पुस्तिकांमध्ये बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते. धूळ, कायम जड माल, डोंगराळ रस्ता, कमी वेगात जास्त वेळ चालणे अशा वापरासाठी ऑइल आधी बदलावे, अशा अर्थाची. धाराशिवमधल्या कामावरच्या पिकअपला यातल्या किती अटी लागू पडतात, हे मालकानेच मोजावे. ज्योतीमागे रात्रभर चाललेली किंवा डीजे लादून मिरवणुकीत तासन् तास उभी राहिलेली गाडी किलोमीटरच्या हिशेबात बसतच नाही. अशा गाड्यांना पुस्तिकेतल्या अंतराच्या निम्म्या ते दोन तृतीयांशावर ऑइल बदलणे शहाणपणाचे. नव्या गाडीत पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये दात एकमेकांना बसत असतात आणि पूड सर्वाधिक निघते, त्यामुळे क्राऊनचे पहिले ऑइल सांगितलेल्या वेळी बदलणे टाळू नये.

पावसाळ्याचा नियम वेगळा आहे. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि मागचा एक्सल बुडाला, तर किलोमीटर न पाहता क्राऊनचे ऑइल तपासावे. गरम हौसिंग थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे असे समजावे आणि लगेच बदलावे.

‘नव्वद नंबर’ म्हणजे नेमके कोणते?

दुकानात ‘नव्वद नंबर द्या’ एवढेच सांगितले जाते. या नव्वदने ऑइलचा फक्त जाडपणा कळतो, दर्जा कळत नाही. डब्यावर 80 डब्ल्यू-90 किंवा 85 डब्ल्यू-140 असे लिहिलेले असते, तो जाडपणा. त्याच्या जवळ जीएल-4 किंवा जीएल-5 असे लिहिलेले असते, तो दर्जा. दाबाखाली दातांना वाचवणारी संयुगे किती आहेत, हे त्यावरून कळते. हायपॉइड क्राऊनला साधारणपणे जीएल-5 लागते. त्यात जीएल-4 टाकले तर ओझ्याखाली दातांना पुरेसे संरक्षण मिळत नाही.

मग सगळीकडेच जीएल-5 टाकावे का? तसेही नाही. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात. जीएल-5 मधील जादा संयुगे पितळेला त्रास देऊ शकतात आणि गिअर अडकू लागतात. म्हणून अनेक गिअरबॉक्ससाठी जीएल-4 सांगितलेले असते. एकाच कॅनमधून गिअरबॉक्स आणि क्राऊन दोन्ही भरण्याची सवय गॅरेजमध्ये सर्रास आहे. पुस्तिकेत दोन्हीकडे एकच ऑइल दिलेले असेल तर हरकत नाही. नसेल तर दोन वेगळे डबे घ्यावेत.

इंजिनच्या बाबतीत 15 डब्ल्यू-40 हा डिझेल पिकअपमधला सर्वात ओळखीचा जाडपणा. पण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या आणि इथेही दर्जाचा प्रश्न महत्त्वाचा झाला. ज्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आहे, त्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते. एपीआय सीके-4 किंवा कंपनीने सांगितलेला तत्सम दर्जा डब्यावर हवा. जुन्या गाडीला चालणारे स्वस्त ऑइल बीएस-6 मध्ये टाकले, तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते. काजळी जळून जाते, राख जात नाही.

सुट्टे ऑइल घेऊ नये, एवढे सांगून हा विषय सोडता येईल. सील असलेला डबा, बॅच क्रमांक आणि पक्के बिल पाहावे. रिकामा झालेला चांगल्या कंपनीचा डबा फोडूनच टाकावा, त्यात दुसरेच काही भरून विकले जाते.

क्राऊनचे ऑइल बदलताना आधी कोणता नट खोलायचा?

या सगळ्या कामात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही : आधी भरायचा वरचा प्लग खोलावा, मग खालचा ड्रेन प्लग.

कारण साधे आहे. वर्षानुवर्षे न उघडलेला भरायचा प्लग गंजून बसलेला असतो. खालचा प्लग काढून ऑइल सांडून टाकले आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकते. नवे ऑइल भरायला वाट नाही आणि ऑइलशिवाय गाडी हलवता येत नाही. वरचा प्लग आधी सैल झाला, तर पुढचे काम निर्धास्त होते. तो निघत नसेल तर जुने ऑइल आत असतानाच गाडी गॅरेजला नेता येते.

गाडी आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी. कोमट ऑइल पातळ होते आणि तळाशी बसलेली पूड घेऊन बाहेर पडते. नंतर समतल, टणक जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पिकअप बऱ्यापैकी उंच असते, त्यामुळे अनेकदा जॅक न लावताच हात पोहोचतो. जॅक लावलाच तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, एक्सलखाली मजबूत स्टँड हवाच. जॅक घसरून जीव गेल्याच्या घटना घडतात.

प्लगभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने आधी काढावी, नाहीतर तीच आत पडते. ड्रेन प्लग निघाल्यावर ऑइल थेंबांवर येईपर्यंत वाट पाहावी आणि प्लगचा चुंबक नीट बघावा. करड्या रंगाचा मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. नखाएवढे तुकडे, पापुद्रे किंवा दाताचा कोपरा सापडला, तर नवे ऑइल टाकून विषय मिटत नाही, क्राऊन उघडून पाहावे लागते.

प्लग पुसून, वॉशर असेल तर नवा टाकून बसवावा. गिअर ऑइल घट्ट असल्यामुळे ते हातपंपाने किंवा नळी लावलेल्या बाटलीने भरतात. बहुतेक गाड्यांत भरायचे भोक हेच पातळीचे माप असते : ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आले आणि बाहेर येऊ लागले की पुरे. ते साधारण दोन-अडीच लिटरच्या घरात बसते, नेमके माप पुस्तिकेत असते. गाडी तिरकी उभी असेल तर हे माप चुकते. जास्त भरल्यास ऑइल फेसाळते, तापते आणि सील शोधून बाहेर पडते.

एक्सलच्या वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी टोपी किंवा नळी असते. ती चिखलाने बुजली की तापलेल्या हौसिंगमधली हवा बाहेर पडायला जागा राहत नाही. मग दाबामुळे ऑइल हबच्या सीलमधून मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरते आणि लायनर भिजतात. भरलेली गाडी घाट उतरत असताना ब्रेक धरत नाहीत, त्याचे मूळ अशा बुजलेल्या टोपीतही असू शकते. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओले, चिकट डाग दिसले तर गाडी भाड्यावर नेण्याआधी सील बदलावे.

इंजिनचे ऑइल तर सगळेच बदलतात, मग चुकते कुठे?

पहिला गैरसमज रंगाचा. डिझेल इंजिनमधले ऑइल काही दिवसांत काळे होते. ते काजळी स्वतःत धरून ठेवते, तेच त्याचे काम आहे. काळे झाले म्हणून ते संपले असे नाही आणि गेजच्या पट्टीवर बरे दिसते म्हणून ते चांगले आहे असेही नाही. नुसते वरून टाकत राहणे म्हणजे बदलणे नव्हे. जुनी काजळी आणि संपलेली संयुगे आतच राहतात.

दुसरी चूक फिल्टर न बदलण्याची. ऑइल नवे आणि फिल्टर जुना ही काटकसर महागात पडते. नवा फिल्टर बसवण्याआधी जुन्याचे रबर इंजिनला चिकटून तर राहिले नाही ना, ते हात फिरवून पाहावे. दोन रबरे एकावर एक बसली तर दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. नव्या रबराला ऑइलचे बोट फिरवून फिल्टर हाताने घट्ट करावा. रबर टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा पुरतो, पान्याने आवळला तर पुढच्या वेळी तो पत्र्यासकट फाटून निघतो. चेंबरच्या ड्रेन बोल्टचेही तेच. जोर लावून आवळल्याने आटे जातात आणि मग गळती कायमची.

तिसरी चूक घाईची. ऑइल भरून सेल्फ मारला की फिल्टर आणि वाहिन्या भरेपर्यंत काही सेकंद जातात. टर्बो त्या वेळी जवळजवळ कोरडा असतो. म्हणून ऑइलचा दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. मिनिट-दोन मिनिटे चालवून इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटांनी पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावी, तिच्या वर नसावी.

बीएस-6 मालकांसाठी एक जास्तीची खूण. पट्टीवरची पातळी काहीही न टाकता वाढत चालली असेल, तर खूश होऊ नये. डीपीएफ साफ होताना जादा डिझेल मारले जाते. छोट्या फेऱ्या आणि वारंवार मध्येच बंद होणारी गाडी असेल तर त्यातले थोडे ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि बेअरिंगवर येते. बाजार ते गाव अशा आठ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत हे लक्ष ठेवून पाहावे.

काढलेल्या ऑइलचे काय करायचे?

एका पिकअपमधून एका वेळी इंजिन आणि क्राऊन मिळून आठ-नऊ लिटर जुने ऑइल निघते. ते कुठे जाते? काही सेंट्रिंगच्या प्लेटांना, काही गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, आणि उरलेले गॅरेजमागच्या नाल्यात किंवा बांधावर. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार एका गाडीच्या एका ऑइल बदलातले जुने ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडे पाणी खराब करू शकते. ज्या जिल्ह्यात उन्हाळा टँकर आणि बोअरच्या पाण्यावर काढावा लागतो, तिथे हा आकडा परदेशातला म्हणून सोडून देता येत नाही.

कायद्याने जुने ऑइल हा घातक कचरा आहे. 2016 च्या नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. 1 एप्रिल 2024 पासून ऑइल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा होऊन प्रक्रिया होण्याची जबाबदारीही टाकण्यात आली आहे. गावाकडच्या मालकासाठी याचा अर्थ एवढाच : घरी ऑइल बदलले तर ते पाणी, डिझेल किंवा कूलंट न मिसळता झाकणाच्या कॅनमध्ये भरावे आणि बॅरल भरून विकणाऱ्या मोठ्या गॅरेजला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावे. जुन्या ऑइलला भाव असतो, त्यामुळे ते सहसा नाकारले जात नाही. फिल्टर उलटा ठेवून रात्रभर निथळू द्यावा, त्यातूनही बरेच ऑइल निघते.

काम झाल्यावर गाडीखाली एक जुने खोके उलगडून पसरावे आणि सकाळी ते पाहावे. पुढच्या बाजूला डाग असेल तर चेंबर किंवा फिल्टर, मागे असेल तर क्राऊनचा प्लग किंवा पिनियनचे सील. आणि बदलल्याची तारीख, मीटरचा आकडा, ऑइलचा दर्जा हे तिन्ही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावे, इंजिनचे वेगळे आणि क्राऊनचे वेगळे.